पाच गोळ्यांचा पुंजका

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



१ ऑगस्ट २०२४ची दुपार कोल्हापूर जिल्ह्यातला माणूस सहसा विसरणार नाही. पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्सची अंतिम फेरी चालली होती आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे त्या आठ जणांत होता. माझ्या थोरल्या भावाच्या गॅरेजमध्ये एका मोबाइलभोवती दहा-बारा डोकी गोळा झाली होती. गुडघ्यावर बसून मारायचा टप्पा संपला तेव्हा स्वप्नील सहावा होता, झोपून मारायचा संपला तेव्हा पाचवा. मग उभ्याने मारायची वेळ आली आणि एकेक जण बाहेर पडू लागला. स्वप्नील ४५१.४ गुणांवर थांबला, तिसरा. या प्रकारातलं भारताचं हे पहिलंच ऑलिंपिक पदक. गॅरेजमध्ये दुरुस्तीला आलेल्या सगळ्या गाड्यांचे हॉर्न वाजवून आम्ही ते साजरं केलं.

गलका ओसरल्यावर चर्चा सुरू झाली. एक जण म्हणाला, "नजर बघा, घारीची!" दुसरा म्हणाला, "नजर कसली? हात बघा, दगड आहे दगड." कोपऱ्यात माझी पुतणी उभी होती. ती हळूच म्हणाली, "चाचा, त्याची काडतुसं कुठल्या लॉटची असतील?"

तिच्या त्या प्रश्नावर कोणी लक्ष दिलं नाही. आज मी त्यावरच बोलणार आहे. मी कविता लिहिणारा माणूस. रायफलीवर बोलायचा माझा अधिकार एवढाच, की कॉलेजात असताना तीन वर्षं मी एनसीसीत होतो आणि गेल्या दीड-दोन वर्षांत या पोरीबरोबर रेंजवरच्या बाकावर बसून पुष्कळ काही पाहिलं.

आधी हे हत्यार कोणतं ते सांगतो. आपण ज्याला 'पॉइंट टू टू' म्हणतो ती ही रायफल. एनसीसीच्या मुलांच्या हातात पहिल्यांदा येते तीही हीच आणि ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटरवर चालते तीही हीच जात. हिच्या काडतुसाला रिमफायर म्हणतात. मोठ्या रायफलीच्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध एक छोटी टोपी असते आणि तिच्यावर आघात झाला की बार उडतो. पॉइंट टू टूला अशी टोपी नसते. पितळी कवचाच्या बुडाची कड आतून पोकळ असते आणि पेट घेणारा मसाला त्या पोकळीत गोल फिरवून बसवलेला असतो. रायफलीची सुई त्या कडेवर आपटते, कड चेपते आणि गोळी सुटते. आज सर्वत्र चालतं ते 'लाँग रायफल' काडतूस १८८७मध्ये अमेरिकेतल्या स्टीव्हन्स कंपनीने आणलं. गोळी शिशाची, जेमतेम अडीच ग्रॅमची, ५.६ मिलिमीटर जाडीची.

आता यातली गोम अशी, की हे काडतूस घरी बनवता येत नाही. मोठ्या रायफलीचा नेमबाज रिकामं कवच पुन्हा भरतो, दारू गुंजागुंजाने कमी-जास्त करून आपल्या रायफलीला मानवेल असं काडतूस तयार करतो. रिमफायरचं कवच एकदा कड चेपली की संपलं. कारखान्यातून जे आलं तेच वापरायचं. नेमबाजाच्या हाती उरते ती फक्त निवड. म्हणूनच ती पोरगी लॉट विचारत होती.

पण हे सगळं मला फार उशिरा कळलं. मला पहिल्यांदा जे कळलं ते १९८८ साली, गावाबाहेरच्या टेकडीखालच्या एनसीसीच्या रेंजवर. पंचवीस यार्डांवर लक्ष्य लावलेलं असे आणि प्रत्येकाला पाचच गोळ्या मिळत. पहिल्या दिवशी माझ्या पाचही गोळ्या लक्ष्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात गेल्या. मधल्या काळ्या गोलाला एकही शिवली नाही. शेजारच्या मित्राची एक गोळी बरोबर मध्यावर, बाकीच्या चार चार दिशांना. तो छाती काढून उभा होता आणि मी मान खाली घालून.

आमचे उस्ताद साताऱ्याकडचे, फौजेतले हवालदार. त्यांनी दोन्ही कागद हातात घेतले. माझ्या पाच भोकांवर एक रुपयाचं नाणं ठेवलं. नाण्याखाली सगळी भोकं झाकली गेली. म्हणाले, "ह्याला ग्रुपिंग म्हणतात. पाच गोळ्या एका जागी गेल्यात ना? मग तुझं काही चुकलं नाही. साइट सरकलीय, ती मी फिरवून देतो." मग मित्राच्या कागदाकडे बघून म्हणाले, "तुझी एक बरोबर बसली, पण का बसली ते तुला ठाऊक नाही आणि मलाही नाही."

अचूकतेचं सगळं शास्त्र या दोन वाक्यांत आहे, असं मला आज वाटतं. पुंजका घट्ट पण मध्यापासून लांब असेल, तर दोष साइटचा. तो दोन खटक्यांत दुरुस्त होतो. पुंजकाच विस्कटलेला असेल, तर कुठेतरी काहीतरी सैल आहे. रायफलीत असेल, काडतुसात असेल, माणसात असेल. ते शोधावं लागतं. मध्यावर बसलेली एकटी गोळी मात्र काहीच सांगत नाही.

माझ्या पुतणीची गोष्ट इथून सुरू होते. तीही एनसीसीतूनच या खेळात आली. आपल्याकडे हा रस्ता जुना आहे. अंजली भागवत यांनीही पहिल्यांदा बंदूक हाती घेतली ती एनसीसीतच. त्यात कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१०मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोन प्रकारात, म्हणजे झोपून मारण्यात, जगज्जेती झाली. राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं. तेही पिस्तूल पॉइंट टू टूचंच. अशा जिल्ह्यातल्या मुलीने रायफल धरली तर नवल नाही. तासाभराच्या अंतरावर शहरात एक रेंज आहे. तिथल्या क्लबची एक जुनी रायफल चार-पाच मुलं आळीपाळीने वापरत. रायफल क्लबच्या परवान्यावरची. रेंजच्या बाहेर न्यायची नाही, प्रशिक्षकांशिवाय हात लावायचा नाही.

वर्षभर तिची प्रगती चांगली झाली आणि मग थांबली. साठ गोळ्यांचा डाव, सहाशेपैकी गुण. पुढच्या स्पर्धेसाठी जी रेषा ओलांडायची तिच्या आठ-दहा गुण अलीकडेच ती अडकायची. सहा महिने असे गेले. काडतुसं परदेशी, महाग. भाईजानच्या गॅरेजचा महिन्याचा हिशेब त्यात कोलमडत होता. तो पोरीला बोलत नव्हता, पण जेवताना गप्प बसायचा. एके रात्री ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "चाचा, मी सोडते. माझ्या हातातच दोष आहे."

मला उस्तादांचं नाणं आठवलं. मी विचारलं, "तुझ्या हातात दोष आहे, हे तू तपासलंस की ठरवलंस?" ती काही बोलली नाही. मी म्हटलं, "एक महिना दे. गुण मोजायचे नाहीत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायचं." कवितेत मी हेच करतो. एका बैठकीत चार शब्द बदलले, तर कुठल्या शब्दाने ओळ सुधारली आणि कुठल्याने बिघडली हे कधीच कळत नाही.

प्रशिक्षक भले गृहस्थ. त्यांनी होकार दिला. पहिली पाळी रायफलीची. रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवून मारायची, म्हणजे माणसाचा हात शक्य तितका वजा होतो. दहा गोळ्यांचा एक पुंजका. तीन गोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, तीन गोळ्या कुणाच्याही कधीतरी एकत्र जातात. तिने तीन पुंजके मारले आणि तिन्हींत एक गंमत दिसली. पहिल्या चार-पाच गोळ्या एकत्र आणि नंतरच्या हळूहळू उजवीकडे सरकत गेलेल्या. हात खराब असता तर गोळ्या चहूकडे उडाल्या असत्या. या एका दिशेने चालत निघाल्या होत्या.

क्लबच्या आर्मररनी खिशातून दहाची नोट काढली आणि नळी व लाकडी दस्त्याच्या मधल्या फटीत सरकवली. अचूक मारायच्या रायफलीची नळी पुढे मोकळी असावी लागते. दस्त्याला ती कुठेही टेकता कामा नये, कारण गोळी सुटताना नळी थरथरते आणि ती थरथर दर वेळी सारखीच व्हायला हवी. नोट अर्ध्यात जाऊन अडकली. पावसाळ्यात लाकूड फुगलं होतं आणि डावीकडून नळीला टेकत होतं. नळी तापली की टेकू वाढायचा, गोळी सरकायची.

दुसरी गोष्ट त्याच दिवशी सापडली. रायफलीचं यंत्र दस्त्याला दोन स्क्रूंनी जखडलेलं असतं. पाच मुलं वापरणार, प्रत्येक जण आपल्या मनाने स्क्रू पिळणार. पुढचा करकचून आवळलेला, मागचा अर्धा फेरा सैल. हे ऐकून भाईजान दुसऱ्या दिवशी गॅरेजमधला टॉर्क पाना घेऊन रेंजवर हजर. त्याचं म्हणणं, "इंजिनाचा हेड आम्ही अंदाजानं कसत नाही आणि तुम्ही बंदूक अंदाजानं कसता?" पाना इतका मोठा होता की आर्मरर हसले. त्यांच्याकडे लहान मापाचा होता. त्यांनी लाकूड आतून घासलं, ओल शिरू नये म्हणून त्याला रोगण दिलं आणि दोन्ही स्क्रू मापाने आवळून आकडा दस्त्यावर चिकटवून ठेवला. गेले काही महिने लेकीच्या नेमबाजीबद्दल काही न बोलणारा भाऊ त्या दिवशी परतीच्या एसटीत तासभर बोलत होता.

मग नळीची सफाई. इथे लोक दोन टोकं गाठतात. काही जण वर्षानुवर्षं साफ करत नाहीत, काही जण रोज घासतात. रिमफायरच्या गोळीवर मेणासारखं वंगण असतं. त्याचा पातळ थर नळीत बसला की ती स्थिरावते. अगदी स्वच्छ केलेल्या नळीतल्या पहिल्या काही गोळ्या भरकटतात, म्हणून सफाईनंतर थोड्या गोळ्या मोजणीबाहेर मारायच्या. गोळ्यांची कंपनी बदलली तरी तेच, कारण वंगण बदलतं. पण काडतूस बसतं त्या घराच्या पुढे काजळीचं कडं जमत जातं, ते मात्र काढावंच लागतं. सळई नेहमी मागून घालायची. पुढून घातली तर नळीच्या तोंडाची कड झिजते, आणि गोळीला नळीचा शेवटचा स्पर्श त्याच कडेचा असतो. तिथे एक ओरखडा पडला, तरी प्रत्येक गोळी वाकडा निरोप घेऊन निघते.

आता काडतुसं. एका खोक्यात पन्नास. खोक्यावर लॉटचा क्रमांक छापलेला असतो. तोवर आमच्या पोरीने तो कधी वाचला नव्हता. जे खोकं मिळेल ते उघडायचं. खरं तर एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या, एकाच किमतीच्या दोन लॉटमध्येही फरक असतो. कडेत बसवलेला मसाला, दारूचं माप, गोळीचा घेर यांत केसाएवढा फरक पडला की वेग बदलतो. मी एकदा कागदावर हिशेब मांडला. स्पर्धेची गोळी सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेगाने निघते आणि पन्नास मीटर जाईपर्यंत सुमारे बारा सेंटिमीटर खाली येते. वेगात सेकंदाला दहा मीटरचा फरक पडला, तर ती साधारण सात मिलिमीटर वर किंवा खाली लागते. आणि पन्नास मीटरवरचं दहाचं घर केवढं असतं? १०.४ मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. त्याच्या मध्यापासून कडेपर्यंत फक्त पाच मिलिमीटर. म्हणजे नेम अगदी मध्यावर असला, हात दगडासारखा असला, तरी निव्वळ काडतुसापायी दहाचे नऊ होऊ शकतात.

म्हणून मोठे नेमबाज आपली रायफल घेऊन थेट कारखान्यात जातात. इंग्लंडमधल्या एली कंपनीकडे आणि जर्मनीत लापुआच्या केंद्रावर अशी सोय आहे. रायफल शिकंज्यात पक्की बसवतात, एकेका लॉटच्या गोळ्या पन्नास मीटरवर मारून बघतात आणि जो लॉट त्या नळीला मानवेल त्याची पेटी विकत घेतात. एकीच्या रायफलीला लाडका असलेला लॉट दुसरीच्या रायफलीला चालेलच असं नाही. आम्ही कुठले जर्मनीला जाणार? आम्ही तीन वेगवेगळ्या लॉटचं एकेक खोकं मिळवलं. पिशवीवर टेकवून प्रत्येकाचे दहा-दहा गोळ्यांचे दोन पुंजके मारले. एकाचा पुंजका सरासरी पंधरा मिलिमीटरचा, दुसऱ्याचा एकोणीस, तिसऱ्याचा सव्वीस. आणि मौज म्हणजे सर्वांत महागडं खोकं मधल्या नंबरावर होतं. मग पहिल्या लॉटची जेवढी खोकी परवडली तेवढी एकदम घेऊन टाकली.

वेगाबद्दल आणखी एक गैरसमज सांगतो. खोक्यावर 'हाय व्हेलॉसिटी' लिहिलं की अचूकता जास्त, असं पुष्कळांना वाटतं. पॉइंट टू टूच्या बाबतीत नेमकं उलट आहे. वेगवान गोळी आवाजाच्या वेगापेक्षा जोरात निघते आणि वाटेत मंदावत आवाजाच्या वेगाखाली येते. ती सीमा ओलांडताना तिला हिसके बसतात. म्हणून स्पर्धेची गोळी मुळातच आवाजापेक्षा थोडी सावकाश निघेल अशी करतात. आणि काडतुसांना ऊन-थंडीही लागते. पोरगी आपली खोकी स्कूटीच्या डिकीत ठेवून रेंजबाहेर उन्हात गाडी उभी करायची. ते बंद केलं. आता खोकी एका डब्यात, सावलीत असतात.

वाऱ्याचं काय? पन्नास मीटर म्हणजे काही लांब नाही, असं मलाही वाटे. पण ही गोळी हलकी आणि सावकाश. सेकंदाला एक मीटर वेगाची आडवी झुळूक, म्हणजे रेंजवरची झेंडी जेमतेम हलावी एवढी, गोळीला चार-पाच मिलिमीटर सरकवते. दहाच्या घराचा अर्धा व्यास तेवढाच. शिवाय गोळी उजवीकडे गिरक्या घेत जात असल्याने ती सरळ आडवी सरकत नाही. उजवीकडून वारा आला तर डावीकडे आणि किंचित वर जाते, डावीकडून आला तर उजवीकडे आणि किंचित खाली. पुंजका असा तिरपा पसरलेला दिसला, की वारा वाचायला आपण चुकलो हे समजावं. उपाय एकच. एक ठरावीक वारा निवडायचा, त्या वाऱ्यावर साइट लावायची आणि झेंडी पुन्हा तशीच दिसेपर्यंत थांबायचं. थांबणं तरुण वयात फार जड जातं.

महिना संपत आला. वहीत सोळा पानं भरली. आता रायफल नीट होती, काडतूस ठरलं होतं. पिशवीवरचा पुंजका पंधरा मिलिमीटरचा. मग पोरीने पिशव्या काढल्या, खांद्याला पट्टा लावला, झोपून मारायची बैठक घेतली आणि दहा गोळ्या मारल्या. पुंजका अठ्ठावीस मिलिमीटर.

ती माझ्याकडे बघत राहिली. पंधरा आणि अठ्ठावीस, मधला फरक आता फक्त तिचा होता. त्यात लपायला जागा नव्हती. मला भीती वाटली की ही आता खरंच सोडणार. पण ती म्हणाली, "चाचा, बरं झालं. आता कळलं तरी माझं किती आणि बंदुकीचं किती."

तिचं काय चुकत होतं ते प्रशिक्षकांनी दोन दिवसांत शोधलं. पहिली चूक मानेची. गोळी सुटली न सुटली तोच ती गाल उचलून पडद्यावर गुण बघायची. चाप सुटल्यापासून गोळी नळीबाहेर पडायला काही हजारांश सेकंद लागतात. हिची गोळी सावकाश असल्याने मोठ्या रायफलीपेक्षा थोडे जास्तच. तेवढ्यात मान हलली की नळीही हलली. त्यावर त्यांनी एक साधा उपाय दिला. पडदा झाकायचा. गोळी मारायची, गाल तसाच ठेवून मनात दोन आकडे मोजायचे, गोळी कुठे गेली असेल ते तोंडाने सांगायचं, मगच पडदा उघडायचा. "नऊ, उजवीकडे" म्हटलं आणि पडद्यावर नऊ उजवीकडे दिसला, तर ती चूक असूनही चांगली गोळी. कारण ती का चुकली हे ठाऊक आहे.

दुसरी चूक अंगाची. आपण झोपून रायफल रोखली, की शरीराची स्वतःची एक दिशा ठरते. ती लक्ष्याकडे नसेल तर आपण हाताच्या जोराने रायफल ओढून आणतो. गोळी सुटताना हात ढिला पडतो आणि नळी आपल्या मूळ दिशेला जाते. म्हणून नेम धरून डोळे मिटायचे, एक-दोन श्वास सोडायचे, डोळे उघडायचे. नळी लक्ष्यावर नसेल तर हाताने ओढायची नाही. पोटाखालचा बिंदू धरून सगळं अंगच तसूभर फिरवायचं. श्वास सोडल्यावर जो एक नैसर्गिक विसावा येतो त्यात चाप सरळ मागे दाबायचा. सात-आठ सेकंदांत गोळी सुटली नाही, तर बोट काढायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा पहिल्यापासून. तिने हा सराव काडतुसाच्या जागी डमी घालून शेकडो वेळा केला. रिमफायर रायफल रिकामी चालवू नये, कित्येक रायफलींत सुई घराच्या कडेवर आदळून ती कड खराब होते. म्हणून डमी.

तो सराव बाकावर बसून बघताना मला आमचे अब्बा आठवायचे. पहाटेच्या नमाजाला उभं राहताना पायांतलं अंतर, हातांची घडी, नजरेची जागा, सगळं रोज तेच. लहानपणी मला तो कंटाळवाणा प्रकार वाटे. आणि उस्तादांचा एक शब्दही आठवायचा. एनसीसीत नेम धरण्याला 'शिस्त लेना' म्हणतात. मला वाटायचं, फौजेतले लोक, त्यांना सगळीकडे शिस्तच दिसणार. पुढे भाषेच्या नादाला लागल्यावर कळलं, की हा शब्द फारसीतून आला आणि त्याचा जुना अर्थच नेम. तिरंदाज अंगठ्यात जी अंगठी घालत तिचंही तेच नाव. मराठीत आपण नेमाचा अर्थ सोडून दिला आणि वळण, नियम एवढाच ठेवला. पण आपला स्वतःचा शब्द तरी काय आहे? नेम. नेम धरतात आणि नेम पाळतातही. वारीला जाणाऱ्याचा नेम आणि रायफलवाल्याचा नेम, शब्द एकच. भाषा घडवणाऱ्या लोकांना ही गोष्ट रेंजवर न जाता कळली होती.

तर पुढच्या स्पर्धेत काय झालं, ते सांगायला हवं. श्रोत्यांना वाटेल, पोरगी जिंकली असेल. नाही. पात्रतेची रेषा दोन गुणांनी हुकली. भाईजान आणि मी बाहेर उभे होतो. गेल्या खेपेला ती रडत आली होती. या खेपेला वही घेऊन आली. म्हणाली, "चाचा, चौदावी आणि एकेचाळिसावी. दोन्ही वेळा झेंडी फिरलेली दिसली होती, तरी थांबले नाही. बाकी अठ्ठावन्न माझ्याच होत्या." तिची सर्वोत्तम धावसंख्या होती ती. पण तिने तो आकडा नंतर, आम्ही विचारल्यावर सांगितला. भाईजानने वही हातात घेतली, चौदाव्या गोळीपुढची नोंद वाचली आणि म्हणाला, "पुढच्या महिन्याची काडतुसं सांगून ठेव. तोच लॉट बघ."

तिने सोडलं नाही. अजून मारते आहे. त्या लॉटची खोकी संपली तेव्हा आम्ही पुन्हा तीन लॉट घेऊन बसलो, पुन्हा पुंजके मोजले. आता तो आमचा वर्षातून एकदाचा सोहळाच झाला आहे.

माझ्या मनात मात्र ती रात्र राहून गेली आहे, "माझ्या हातातच दोष आहे" असं ती म्हणाली ती. त्या वेळी तिचं म्हणणं मान्य केलं असतं, तर लाकूड फुगलेलं आहे आणि स्क्रू ढिला आहे हे कुणाला कधी कळलंच नसतं. त्या रायफलीवर तिच्यामागून आणखी चार मुलं आली असती आणि त्यांनीही आपापल्या हातांना दोष देऊन घरचा रस्ता धरला असता. आज ती चारही मुलं त्याच रायफलीवर मारतात. दस्त्यावर आवळण्याचा आकडा चिकटवलेला आहे, आणि रायफल हाती घेतली की प्रत्येक जण आधी नळीखालून दहाची नोट सरकवून बघतो.